घर कुठे, पगार किती : जिल्ह्याजिल्ह्याचा अनुभव धागा

हिशेबनीस

मुंबईत घर परवडत नाही, गावाकडे स्वस्तात होतं, असं आपण सहज बोलून जातो. पण वाशीम, गडचिरोली, नंदुरबार हे जिल्हे दरडोई उत्पन्नात राज्यात तळाला आहेत, आणि सिमेंटचं पोतं काही वाशीमला निम्म्या भावात मिळत नाही. जिल्ह्यागणिक कैक पटींनी बदलतो तो जागेचा भाव. सळई, सिमेंट, वायरिंग, नळफिटिंग थोडंफार इकडेतिकडे. मुंबईकराचा पैसा जातो जमिनीत, वाशीमकराचा बांधकामात, आणि बांधकाम काही पगार बघून स्वस्त होत नाही.

दुसरं असं की सरकारी आकडेवारीतलं जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न म्हणजे घरात येणारा पगार नव्हे. कारखान्यांचा नफाही त्यात धरलेला असतो. त्या आकड्याला बाराने भागून कुणी हप्ता बसवू नका.

आपापल्या भागात कामानिमित्त रोज जे बघता ते लिहा: टक्के, मापं, कागद, कुठे अडतं. 'आम्ही घर कसं घेतलं' याच्या कहाण्यांसाठी वेगळा धागा काढू.

कर्जखातं (ठाणे)

२० वर्षांच्या मुदतीला ८.५ टक्क्यांनी लाखाला ८६८ रुपये हप्ता, ९ टक्क्यांनी ९००. एवढं पाठ ठेवा. हातात ५०,००० येत असतील आणि दुसरा हप्ता नसेल, तर ४० टक्के धरून २०,००० हप्ता, म्हणजे २३ लाख कर्ज. हातात लाख येत असतील तर बँक ५० टक्क्यांपर्यंत जाते: साडेसत्तावन्न लाख. पगार दुप्पट, कर्ज अडीचपट. किराणा, दवाखाना, शाळा वजा करून काय उरतं ते बँक बघते, म्हणून असं.

पण लोक कर्जात कमी आणि हातच्या रकमेत जास्त अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के मिळतात, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५. घर १० लाखांच्या वरचं असेल तर मुद्रांक आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, ती खिशातून.

ठाण्यात बांधकाम चालू असलेलं ८० लाखांचं घर घ्या. कर्ज ६४ लाख, स्वतःचे १६. मुद्रांक ७ टक्क्यांनी ५ लाख ६०, नोंदणी ३० हजार (१ टक्का, पण कमाल तेवढीच), जीएसटी ५ टक्क्यांनी ४ लाख. एकूण २५ लाख ९० हजार रोख, किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश. आता अमरावतीत २८ लाखांचं. कर्ज २५ लाख २०, स्वतःचे २ लाख ८०, मुद्रांक ६ टक्क्यांनी १ लाख ६८, नोंदणी २८ हजार, जीएसटी १ टक्क्याने २८ हजार. एकूण ५ लाख ४ हजार. किमतीतला फरक तिपटीहून कमी, हातच्या रकमेतला पाचपटीहून जास्त. अमरावतीचा पगार ठाण्याच्या निम्मा धरला तरी तिथला माणूस लवकर सुटतो. फक्त पगार स्लिपवर दिसायला हवा. तो दिसत नसेल तर काय होतं ते या धंद्यातलं कुणी लिहिलं तर बरं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. हा जादा खर्च नव्हे, विकणाऱ्याच्या पैशातूनच कापायचा. पुष्कळजण पूर्ण रक्कम देऊन बसतात आणि मग पदरचे भरतात.

रेराकार्पेट (पुणे)

जीएसटीत एक प्रादेशिक गंमत आहे, ती कुणी सांगत नाही. १ टक्क्याचा दर मिळायला दोन अटी: एकूण किंमत ४५ लाखांच्या आत, आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) महानगरात ६० चौ.मी., बाकी ठिकाणी ९० चौ.मी.पर्यंत. महानगरांच्या यादीत अख्खा मुंबई महानगर प्रदेश आहे, पुणे नाही. नागपूर, नाशिकही नाही.

म्हणजे ६८ चौ.मी.चा (सुमारे ७३२ चौ.फूट) ४४ लाखांचा टू बीएचके पुण्यात १ टक्क्यात बसतो, ४४ हजार. तोच कल्याणला ५ टक्क्यांत, २ लाख २० हजार. घर तेच, किंमत तीच, फरक पावणेदोन लाखांच्या वर.

४५ लाखांत पार्किंग, मजल्याचे जादा पैसे वगैरे बिल्डर जे जे लावतो ते सगळं धरायचं. भावपत्रकावर ४४.५० लिहिलेलं असतं आणि पार्किंग धरून ४६ होतात. मग १ टक्का विसरा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर जीएसटी नाहीच. आणि करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, रेराचा (घरबांधणी व्यवसायावरच्या कायद्याचा) नियम आहे. पेठेत काय नि वाघोलीत काय, सारखाच.

मुरुम (अकोला)

विदर्भ-मराठवाड्यात जमीन स्वस्त म्हणणाऱ्यांनी पाया खणून बघावा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, दार पावसाळ्यात अडायला लागलं आणि मार्चमध्ये आपोआप सुटलं, तर पाया काळ्या मातीवरच टेकलाय समजा. पुट्टी भरून काही होत नाही, पुढच्या वर्षी चीर तिथेच.

मुरुम लागेपर्यंत खणायचं. मुरुम फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब), वर ग्रेड बीम (त्यांना जोडणारी तुळई), आणि बीमच्या खाली मोकळी जागा. नाहीतर माती फुगून बीमच उचलते. खड्ड्यात निघालेली काळी माती परत भरायची नाही. ठेकेदार हीच चूक हटकून करतो, कारण ती फुकट असते आणि बाहेर टाकायला ट्रॅक्टर लागतो. बाहेरून मुरुम आणा, १५-२० सेंटीमीटरचे थर, दर थराला पाणी आणि धुमस. घराभोवती तीनेक फूट रुंदीचा फरशीचा पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला. शोषखड्डा भिंतीला लागून नको.

प्लॉट स्वस्त पडलेला असतो आणि हे पैसे जोत्याच्या आत गाडले जातात, वर काहीच दिसत नाही. म्हणून लोक इथेच हात आखडतात. बाकी साध्या घराला दर चौ.फुटाला सिमेंट ०.४ पोतं, सळई साडेतीन ते चार किलो धरा. हजार फुटांना ४०० पोती आणि चार टनांपर्यंत लोखंड. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने काढलेलं अंदाजपत्रक ठेकेदार पुढे करत असेल तर ते नवं करून मागा.

चिरेबंदी (रत्नागिरी)

मुरुमसाहेबांचं खरं, पण आमच्याकडे पैसा वरून गळतो. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. सपाट स्लॅब टाकला की त्यावर पुन्हा पत्र्याची शेड आलीच, म्हणजे छपराचा खर्च दोनदा. सरळ उताराचं कौलारू केलं तर शेड वाचते, मात्र वासे-रीपांना वाळवी लागते.

चिरा स्थानिक, म्हणून स्वस्त वाटतो. वाहतूक बघा. गाडी वाडीच्या तोंडाशी थांबते, पुढे पाखाडीने (पायऱ्यांच्या अरुंद वाटेने) डोक्यावरून चिरे वाहायचे. हा दर वेगळा ठरतो आणि तो अंदाजपत्रकात कधीच नसतो. समुद्राकाठी लोखंडाला गंज लवकर. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सौम्य हवामानात एम२० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर २० मि.मी. कव्हर (काँक्रीटचं आवरण) चालतं, किनाऱ्याच्या उघड्या काँक्रीटला एम३० आणि ४५ मि.मी. हवं. म्हणजे सिमेंटही जास्त. कव्हर ब्लॉकऐवजी खडी सरकवणारा मिस्त्री असेल तर काही वर्षांत बाल्कनीच्या खालचा गिलावा सुटून सळई दिसते.

आणि कागद. सामाईक सातबाऱ्यावर डझनभर नावं, निम्मी मुंबईत. एकाचीही सही राहिली की बँक हात वर करते. गावठाणातल्या घराला सातबारा नसतोच, ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, म्हणून राष्ट्रीयीकृत बँका त्यावर कर्ज द्यायला नाखूश. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका मिळते. ती आधी काढून घ्या.

लेआऊट (नागपूर)

प्लॉट घेताना 'एनएटीपी' (बिगरशेती आणि नगररचनेची मंजुरी असलेला) की 'आरएल' एवढं विचारा. अनधिकृत लेआऊट गुंठेवारीत (तुकड्यांचे प्लॉट नियमित करणाऱ्या कायद्याखाली) नियमित झाला की नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर मिळतं, तेच आरएल. विकणारा म्हणतो 'डिमांड भरली आहे'. डिमांड भरणं म्हणजे पैसे भरणं, पत्र हातात येणं नव्हे. बँकेला पत्र लागतं. आरएल नसलेला प्लॉट स्वस्त का, याचं उत्तर एवढंच: तिथे कर्ज नाही, नकाशा मंजूर नाही, आणि पुढचा गिऱ्हाईकही रोखीचाच शोधावा लागतो.

छोटं खातं (सांगली)

कर्जखात्यांनी विचारलंय, त्याचं उत्तर. ज्याची पगार स्लिप नाही, शेती, दुकान, टेम्पो, त्याला बँक दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. ती नसली की माणूस गृहवित्त कंपनीकडे जातो आणि १२ टक्क्यांनी घेतो. १५ लाखांना ८.५ टक्क्यांनी हप्ता १३,०२०, १२ टक्क्यांनी १६,५१५. महिन्याला साडेतीन हजार, २० वर्षांत जवळजवळ ८ लाख ४० हजार जादा. म्हणजे घर ज्या गावात स्वस्त, तिथेच पैसा महाग. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात मोठा फरक हाच, जमिनीच्या भावाइतकीच याची चर्चा व्हायला हवी.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. घर घेण्याच्या तीन वर्षं आधीपासून विवरणपत्र भरा, कर शून्य येत असला तरी. ऊसबिल, दूधबिल एकाच खात्यावर घ्या. क्यूआर कोडचे पैसे बायकोच्या, भावाच्या, स्वतःच्या अशा तीन खात्यांत वाटू नका. बँक एकाच खात्याची सरासरी शिल्लक बघते.

सोडत (मुंबई)

म्हाडाने हा प्रादेशिक फरक २०२२ पासून आकड्यातच मांडला आहे. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशांत आणि दहा लाखांवरच्या शहरांत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम, पुढे उच्च. उरलेल्या महाराष्ट्रात ४.५, ७.५ आणि १२. कुटुंब म्हणजे नवरा-बायको. आईवडिलांचं पेन्शन त्यात घालून लोक उगाच वरच्या गटात जातात.

उलट प्रधानमंत्री आवास शहरी २.० ची व्याज सवलत देशभर एकाच मापाने: उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, सवलत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत. मुंबईत उत्पन्नाची अट पाळणारा भेटतो, ३५ लाखांचं घर भेटत नाही. परभणीत दोन्ही भेटतात.

सचिव (पुणे)

घेतल्यानंतरचंही लिहा की कुणीतरी. मुंबईत ५०० चौ.फुटांपर्यंतच्या घराला १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ. पुण्यात माफी नाही, स्वतः राहत असाल तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. भरला नाही तर बिल पूर्ण येतं आणि मग खेटे.

देखभाल कशी वाटायची तेही कायद्यावर आहे. सहकारी सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं, लहान-मोठी न बघता. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती फंड ०.७५. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत अविभक्त हिश्शाप्रमाणे, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. पुण्या-नागपुरात अशा इमारती बऱ्याच, मुंबईत सोसायट्या. पगार बेतास बात असेल आणि फ्लॅट वन बीएचके, तर नोंदणीचा प्रकार बघूनच सही करा.

जुना फ्लॅट घेताना सोसायटी 'ट्रान्सफर'चे लाखभर मागते. कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५,०००, अ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ब मध्ये १५,०००, क मध्ये १०,००० आणि ग्रामपंचायतीत ५,०००. 'स्वेच्छा देणगी' हा त्याच पैशाचा दुसरा अवतार.

चिरेबंदी (रत्नागिरी)

एक विचारतो. गावात घर रेडीरेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या भावापेक्षा) कमी भावात खरंच मिळतंय. मुद्रांक कशावर?

कर्जखातं (ठाणे)

दोन्हींतल्या जास्त रकमेवर. १ एप्रिल २०२५ ला रेडीरेकनरचे दर वाढलेत, त्यामुळे जुनी प्रिंट वापरू नका. भाव खरोखर कमी असेल तर दस्त नोंदवण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला टाका, म्हणजे मुद्रांक किती ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. घराचे फोटो, रस्त्याची रुंदी, बांधकामाचं वय जोडा. घराचं वय धरून घसारा मिळतो, पण जमिनीला तो नाही. आणि खरेदीदार फक्त बायकाच असतील तर मुद्रांक १ टक्का कमी. नवऱ्याचं नाव जोडलंत की गेलं.