पावसाळ्यात मीलवर्मच्या ट्रेमध्ये कोळीकीटक : मदत हवी आहे

फोंड्याला राहत्या घरी, स्वतःच्या खाण्यासाठी, मी फेब्रुवारीपासून मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, प्लास्टिकच्या चार ट्रेंमध्ये वाढवत आहे. मेपर्यंत सर्व सुरळीत होते. जूनमध्ये पाऊस लागल्यापासून मात्र दोन ट्रेंच्या कडांवर पिठासारखी करडी धूळ जमू लागली. भिंगातून पाहिले तेव्हा ती धूळ चालत होती, म्हणजे ते कोळीकीटकच आहेत.

या अळ्यांना साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता मानवते, तर माझ्या खोलीतील मापक सध्या ८८ च्या खाली उतरत नाही. गव्हाचा कोंडा ओव्हनमध्ये तापवून, गार करून वापरला, बटाट्याऐवजी गाजराचे काप ठेवून ते रोज संध्याकाळी काढले आणि पंखाही चालू ठेवला, तरी आठवडाभरात धूळ परत आली. मुंग्यांचा प्रश्न नाही, कारण मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत. वातानुकूलन परवडणारे नाही, वीज वारंवार जाते आणि अळ्या खायच्या असल्याने कीटकनाशक वापरणार नाही. (कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना या अळ्याही बाधू शकतात, हे माहीत आहे; घरात तशी कोणाला ती नाही.)

कोकणपट्टीच्या दमट हवेत ज्यांनी पावसाळाभर हे पालन टिकवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : बाधित ट्रेमधील अळ्या चाळून, नव्या कोरड्या कोंड्यात घालून वाचवता येतात का, की कोळीकीटक त्यांच्या अंगावरूनच पुढे जात असल्याने केवळ कोशांपासून नवी सुरुवात करावी?