मदत हवी आहे : मराठी पीडीएफ वाचता येत नाहीत, सोमवारी परीक्षा

कानोसा (शुक्रवार, रात्री ९:४०)
सात फायली आल्यात. सगळ्या पीडीएफ, सगळ्या मराठी. पहिल्या तिन्ही नुसत्या बरळतात. चौथी-पाचवी गप्प. सहावी-सातवी बोलतात, पण तोतरं. इंग्रजी पीडीएफ मस्त चालतात, म्हणजे माझ्या बाजूनं सगळं ठीक आहे. पाठवणाऱ्यांना विचारलं तर म्हणतात, "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय." सोमवारी सकाळी परीक्षा आहे. लवकर सांगा. आणि फाँट टाका म्हणू नका, टाकून झालाय.

जुनापाना (९:४८)
कोणता फाँट टाकलात? टाकल्यावर संगणक बंद करून पुन्हा चालू केला का? नव्वद टक्के वेळा तेवढ्यानंच होतं.

शंकासूर (९:५१)
फायली बरळतात म्हणजे? मोबाइल आहे का संगणक? एक स्क्रीनशॉट टाका, दोन मिनिटांत सांगतो.

बिनधास्तबंडू (९:५५)
दुसरं रीडर टाकून बघ रे. माझंही एकदा असंच झालं होतं, अक्षरांच्या जागी चौकोन चौकोन दिसायचे.

कानोसा (१०:०२)
स्क्रीनशॉट काढीन हो, पण त्यात काय आलंय ते मला कोण सांगणार? मला दिसत नाही. लिहायचं राहून गेलं, रोज उठून स्वतःला सांगायची सवय नाही ना.
संगणक, विंडोज, एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीनरीडर), त्याला ईस्पीक या बोलक्या प्रोग्रामचा मराठी आवाज. हा धागाही त्यावरूनच लिहितोय.

शंकासूर (१०:०४)
अरे! माफ करा. स्क्रीनशॉटचं मागे घेतो.

सुमनांजली (१०:०७)
तुमच्या जिद्दीला मनापासून सलाम 🙏 अशा परिस्थितीतही तुम्ही शिकताय. घरातलं कुणी वाचून नाही का दाखवू शकणार? प्रेमानं वाचून दाखवतील हो.

कानोसा (१०:१०)
ताई, सलाम नको, उपाय द्या. घरचे वाचतील, पण १४० पानं आहेत. त्यांच्या सवडीनं, त्यांच्या वेगानं, आणि एखादा परिच्छेद चौथ्यांदा वाचा म्हणताना मलाच लाज वाटते. एनव्हीडीएला चाळीस वेळा सांगितलं तरी तो सुस्कारा सोडत नाही.

तिसरीघंटा (१०:१५)
फुकटाच्या सॉफ्टवेअरचं असंच असतं. जॉज घ्या, विकतचं स्क्रीनरीडर. मी कामाच्या ठिकाणी एकाला वापरताना पाहिलंय, काय सुंदर चालतं.

सहाठिपके (१०:२२)
"फुकटाचं" म्हणण्याआधी थोडं वाचा. एनव्हीडीए २००६ मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध. स्क्रीनरीडरसाठी वेगळे पैसे का मोजायचे, यातूनच ते जन्मलं. मी दोन्ही वापरते. जॉज चांगलंच आहे, पण फायलीत मुळात जे अक्षर नाही ते जॉजही वाचणार नाही.
कानोसा, ब्रेल येतं का? येत असेल तर ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर ठिपक्यांत उमटवणारं यंत्र) जोडून बघा, बरळतंय म्हणजे नेमकं काय येतंय ते बोटाखाली कळेल.

कानोसा (१०:२६)
दृष्टी सव्विसाव्या वर्षी गेली. ब्रेल शिकलो, पण एक पान वाचायला अर्धा तास लागतो. डिस्प्ले नाही.

खिळेजुळारी (१०:३१)
बाजूला व्हा, हे काम माझ्या धंद्यातलं दिसतंय. आयुष्य टाइपसेटिंगमध्ये गेलं.
कानोसा, पहिल्या फायलीत अगदी वर जे शीर्षक आहे, त्यावर बाणाच्या कळीनं एकेक अक्षर पुढे जा आणि एनव्हीडीए जे म्हणेल ते जसंच्या तसं इथे लिहा.

कानोसा (१०:३६)
एफ, यू, सेमीकोलन, ई, के, ओ, वाय, एच.

खिळेजुळारी (१०:३९)
नियमावली!
हे कृतिदेव आहे, जुना देवनागरी फाँट. त्यात एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, यू म्हणजे न, सेमीकोलन म्हणजे य, ई म्हणजे म, के म्हणजे काना, ओ म्हणजे व, वाय म्हणजे ल आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. आता लक्षात घ्या, फायलीच्या पोटात मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आहेत. फाँटनं त्यांच्या चेहऱ्यावर मराठी मुखवटा चढवलाय. बघणाऱ्याला मुखवटा दिसतो, म्हणून "आमच्याकडे व्यवस्थित". ऐकणाऱ्याला खालचा चेहरा ऐकू येतो. तुम्ही फाँट टाकून काही होणार नव्हतं, फाँट फक्त डोळ्यांसाठी असतो.
युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे. पण छपाईवाल्यांना (माझ्यासकट) जुने फाँट सोडवत नव्हते. कागदावर उतरलं की झालं काम, एवढंच आम्हाला कळायचं.

कानोसा (१०:४१)
नियमावलीच आहे! आत्ता घरच्यांना विचारून खात्री केली. मग आता?

खिळेजुळारी (१०:४९)
मजकूर सगळा निवडून कॉपी करा आणि कृतिदेव ते युनिकोड बदलणाऱ्या एखाद्या साधनात टाका, नेटवर बरीच आहेत. आधी फाँटचं नाव तपासा. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून फाँट्सचा टॅब उघडा, तिथे यादी मिळते. श्रीलिपी (जुन्या फाँटचं दुसरं घराणं) निघाली तर साधन वेगळं लागेल, प्रत्येक घराण्याचा नकाशा निराळा.
दोन ठिकाणी घोटाळा होईल, आधीच सांगतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढतात म्हणून कृतिदेवात ती आधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. बरं साधन त्या जागेवर आणतं, साधारण साधन जोडाक्षर आलं की गडबडतं. आणि मजकुरात खरोखरचे इंग्रजी शब्द असतील तर त्यांचीही "मराठी" होईल, भलतीच.

नियमबोट (१०:५५)
एक मिनिट. दुसऱ्याचं अभ्याससाहित्य असं परस्पर रूपांतरित करणं हा स्वामित्वहक्काचा भंग नाही का? धाग्यावर असले सल्ले देताना काळजी घ्यावी.

शंकासूर (१०:५८)
😐

सहाठिपके (११:०६)
नाही. नेमका याच अडचणीसाठी माराकेश करार आहे. जून २०१३ मध्ये तो झाला, ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आहे. दृष्टिहीनांना किंवा छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना वाचता येईल अशी प्रत हक्कधारकाच्या परवानगीशिवाय करता यावी, अशी सूट करारात सामील झालेल्या देशांनी कायद्यात ठेवायची असते. आणि तो माणूस त्याला रीतसर मिळालेली फाइल स्वतःसाठी वाचतोय हो. चष्मा लावायला कोणी लेखकाची परवानगी घेतं का?

नियमबोट (११:०९)
माहिती नव्हती. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही, इतर धाग्यांवर लोक पुस्तकंच्या पुस्तकं टाकतात.

बिनधास्तबंडू (११:१२)
एवढा खटाटोप कशाला? फोनचा कॅमेरा धर, एआय वाचून दाखवतं. बी माय आइज हे ॲप टाक. १४० पानांचा सारांश दोन मिनिटांत.

कानोसा (११:१९)
बी माय आइज आहे माझ्याकडे. औषधाची पट्टी, मशीनची बटणं, मोजे एकाच रंगाचे आहेत का, याला फार छान. पण इथे सारांश घेऊन काय करू? परीक्षेत "साधारण असं असं" चालत नाही. मला कलम चारचं पोटकलम शोधायचंय, मागे जायचंय, दोन परिच्छेद पडताळायचेत. शिवाय एआयला एखादा शब्द लागला नाही तर तो आपल्या मनानं घालतो, आणि मला ते समजायला मार्ग नसतो. तुम्ही नजर टाकून पकडाल, मी नाही पकडू शकत.

तिसरीघंटा (११:२४)
खरं तर संस्थांनी सगळं ऑडिओच करून द्यायला हवं. रेकॉर्ड करा, विषय संपला.

शांतता (११:३३)
माझ्यासारख्यांचा विषय तिथून सुरू होतो. मला ऐकू येत नाही. "सगळं ऑडिओ", "सगळे व्हिडिओ" हे ऐकून (वाचून!) वैताग येतो. आमच्या प्रशिक्षणात चाळीस मिनिटांचा व्हिडिओ होता, खाली आपोआप येणाऱ्या मराठी ओळी. "अनुदान" चं "अनु धाव" झालेलं, आणि बोलणारा फळ्याकडे तोंड करून उभा, म्हणजे ओठही दिसत नाहीत. शेवटी मी लेखी टिपण मागितलं. चार पानं होती ती, नीट टाइप केलेली. माझं काम झालं, आणि माझ्याबरोबरच्या एका अंध मुलानं तीच चार पानं ऐकली. पान असं हवं की मला वाचता येईल आणि त्याला ऐकता येईल. ऑडिओनं त्यातलं अर्धंच होतं.

सहाठिपके (११:३८)
+१. आणि त्याच पानाचं ब्रेलही होतं. पण माझा हट्ट वेगळा आहे. कानोसा, परीक्षा झाल्यावर ब्रेलचा वेग वाढवाच. ऐकून आशय कळतो, शुद्धलेखन येत नाही. "सुत" आणि "सूत" कानाला जवळपास सारखंच. लुई ब्रेलनं सहा ठिपक्यांची पद्धत बसवली ती १८२४ मध्ये, वय पंधरा. सहा ठिपक्यांच्या ६३ जुळण्या, त्यात जगातल्या लिप्या बसल्या. दोनशे वर्षं टिकलंय ते उगाच नाही.

जुनापाना (११:४४)
पण आता कोण ब्रेल वाचतं? सगळे फोनवर ऐकतात. काळाबरोबर जावं.

सहाठिपके (११:४७)
तुम्ही वर्तमानपत्र ऐकताय हल्ली? मग डोळ्यांनी वाचणं सोडलंत का?

कानोसा (११:५२)
भांडा निवांत, पण चौथी आणि पाचवी कोणी बघेल का? त्या गप्प आहेत. एनव्हीडीए म्हणतो, रिकामा दस्तऐवज.

रात्रपाळी (शनिवार, रात्री १२:२०)
गप्प म्हणजे स्कॅन. कागदाचे फोटो पीडीएफमध्ये कोंबलेत, अक्षर एकही नाही. ओसीआर करावं लागेल, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. सोपा रस्ता : फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, मग "ओपन विथ" मधून गूगल डॉक्स निवडा. मराठी ओळखतं. मोठी फाइल अर्धवट सोडतं, म्हणून तुकडे करून चढवा. नेटवर चढवायची नसेल तर टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर आहे, मोफत, त्याची मराठी डेटा फाइल वेगळी घ्यावी लागते.
घ-ध आणि भ-म यांच्यावर लक्ष ठेवा, स्कॅन पुसट असेल तर तिथेच चुकतं. आकडे तर पुन्हा पुन्हा तपासा.
तोतऱ्या दोन्ही फायलींत नेमकं काय होतं?

कानोसा (१२:३१)
साधे शब्द बरोबर. जोडाक्षर आलं की काहीतरी गळतं. "प्रशिक्षण" मधला "प्र" नाही आणि "क्ष" पण नाही.

खिळेजुळारी (१२:३८)
या युनिकोडच आहेत, पण पीडीएफ करताना जोडाक्षराचं चित्र तेवढं गेलं, ते कोणत्या अक्षरांपासून झालं याची नोंद गेली नाही. देवनागरीत हे फार होतं. मूळ वर्ड फाइल मागा, हा खरा इलाज. नाही मिळाली तर गंमत बघा, याही फायलींचं चित्र करून ओसीआर करा. मजकुरापेक्षा मजकुराचा फोटो बरा वाचला जातो, असा आमचा कारभार.

कानोसा (शनिवार, सायंकाळी ६:१५)
हिशेब देतो. पहिल्या तिन्ही झाल्या. "पीडीएफ" आणि "ऑनलाइन" या शब्दांचं साधनानं जे केलंय ते इथे लिहिण्याजोगं नाही. चौथी झाली. सहावी-सातवीची मूळ वर्ड फाइल मागितली, तर उत्तर आलं, "वर्ड देता येत नाही, पीडीएफ सुरक्षित असते." म्हणून ओसीआरच केलं, ऐंशी टक्के ठीक.
पाचवीत पाच रकान्यांचा तक्ता आहे. ओसीआरनंतर सगळे रकाने एका ओळीत मिसळलेत. मुदत कोणाची आणि दंड कशाचा, काही लागत नाही. यावर साधन आहे का?

रात्रपाळी (६:४०)
तक्त्यावर भरवशाचं साधन मला सापडलेलं नाही. ते पान इथे टाका, माझी पाळी दहाला सुरू होते, तोवर टाइप करून देतो. तक्ता ठेवू का सरळ वाक्यं करू?

कानोसा (६:४३)
वाक्यं. प्रत्येक ओळीत रकान्याचं नाव पुन्हा म्हणा, कंटाळवाणं वाटलं तरी. "अर्ज प्रकार अमुक, मुदत तमुक" असं. पान टाकलंय. उलटं तर नाही ना लागलं?

रात्रपाळी (६:४५)
आडवं आहे. चालतंय, मान वाकडी करतो.

सुमनांजली (६:५८)
मी एका मंडळाची परिपत्रकं टाइप करते, जुन्याच फाँटमध्ये. माझ्याही फायली अशाच ऐकू येत असतील का? कसं तपासायचं?

खिळेजुळारी (७:०५)
पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर ठीक. एफ-यू-सेमीकोलन उमटलं तर तुम्हीही आमच्याच पंथातल्या.

सुमनांजली (७:२१)
एफ-यू-सेमीकोलन 😔 मागच्या सहा वर्षांची परिपत्रकं आहेत.

रात्रपाळी (रात्री ९:३८)
तक्ता झाला. २३ ओळी, तेवीस वाक्यं. नवव्या ओळीत स्कॅनमध्ये डाग आहे, मुदत ७ दिवस का १ दिवस कळत नाही, अंदाजानं लिहिलेलं नाही. पाठवणाऱ्यांनाच विचारा.

कानोसा (९:४४)
विचारतो. "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय" म्हणतील, मग निदान दिसतंय ते वाचून तरी दाखवतील.

जुनापाना (९:५०)
अवांतर : माझ्याकडे जुन्या फाँटमधल्या ४०० कवितांची फ्लॉपी आहे. कोणी सांगेल का कशी उघडायची?

शंकासूर (९:५२)
नवा धागा काढा. आणि हो, स्क्रीनशॉट टाका.