मॅच फिक्सिंगला जेल हवी का, की बॅन पुरे?

कट्ट्यावरचा_कीपर: २०१३ चं आयपीएल स्पॉट फिक्सिंग (पैसे घेऊन ठरवून ओव्हरमध्ये रन देणं) आठवतंय ना? दिल्ली पोलिसांनी श्रीशांत, अंकित चव्हाण आणि चंडिलाला मुंबईत येऊन उचललं, ४२० लावलं, वर आपला मोक्का पण लावला, आणि २०१५ ला पतियाळा हाऊस कोर्टाने सगळ्यांना आरोपमुक्त केलं. मग कायदा आहे कशाला? मला तरी वाटतं सरळ जेल पाहिजे.

वकील_पण_बॉलर: अहो कायदा आहे कुठे, तोच तर प्रॉब्लेम आहे. ४२० मध्ये (२०२४ पासून न्याय संहितेत ३१८) कुणालातरी फसवून त्याच्याकडून पैसा किंवा मालमत्ता काढून घेतली हे दाखवावं लागतं. कर्नाटक प्रीमियर लीगच्या केसमध्ये २०२२ ला हायकोर्ट हेच म्हणालं, प्रेक्षकाने तिकीट स्वतःहून काढलं, त्यामुळे फिक्सिंग बेइमानी असली तरी ४२० होत नाही, कारवाई बोर्डाने करावी. २०१३ लाच स्पोर्टिंग फ्रॉडच्या बिलाचा मसुदा झाला होता, २०१८ ला लॉ कमिशननेही फिक्सिंगला गुन्हा करा म्हणून सांगितलं, पुढे काहीच नाही.

तालुका_इलेव्हन: मला नाही पटत. उद्या बॉल घासला म्हणून पण एफआयआर करणार का? २०१८ ला केपटाऊनला बॉल घासायचा सँडपेपर सापडला, ऑस्ट्रेलियाच्या स्मिथ, वॉर्नरला एकेक वर्ष बॅन बसला, विषय संपला. आपल्याकडे पोलीस ग्राउंडवर आले की कुणाला अडकवतील सांगता येत नाही.

पॅव्हेलियन_एंड: बॉल घासणं अंपायर आणि बोर्डाने बघावं, तिथे पोलीस नकोच. पण मॅच विकणं वेगळं आहे हो, तिथे मैदानाबाहेरचा माणूस असतो आणि बोर्ड त्याचं काहीच वाकडं करू शकत नाही, बॅन करून करून खेळाडूलाच करणार ना? लॉर्ड्स २०१० बघा, पैशासाठी ठरवून नो बॉल पाकिस्तानच्या आमिर आणि आसिफने टाकले, कॅप्टन सलमान बट, पण २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने सगळ्यात जास्त शिक्षा एजंट मजीदला दिली, २ वर्षं ८ महिने. बटला अडीच वर्षं, आसिफला एक. हे जमलं कारण तिथल्या गॅम्बलिंग ॲक्टमध्ये बेटिंगमधली चीटिंग हा वेगळा गुन्हाच आहे. श्रीलंकेने पण २०१९ ला कायदा केला, १० वर्षांपर्यंत शिक्षा.

तालुका_इलेव्हन: एजंटचं मान्य, त्याला टाका आत. पण आमिर तेव्हा १८ चा होता, त्याला पण ६ महिने दिलेच की. कॅप्टन आणि एजंट दोघं मिळून सांगतायत तर त्या वयाचं पोरगं नाही कसं म्हणणार? कायदा करायचाच तर अशा पोरांना माफीचा साक्षीदार करायची सोय आधी ठेवा.