युनिकॉर्न देऊन ४०० सीसी घ्यावी का? (पुणे-ताम्हिणी-चिपळूण, डबलसीट)

कोथरूडचा_कोकणी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे २०१४ ची होंडा युनिकॉर्न १५० आहे, ७८ हजार किमी झालेत. नोकरीला लागलो त्या वर्षी घेतलेली. तक्रार अशी काही नाही, अजून पन्नासच्या आसपास ॲव्हरेज देते, रस्त्यात कधी बंद पडली नाही. आठवड्यातनं तीन दिवस कोथरूड-हिंजवडी आणि महिन्यातनं एकदा, कधी दोनदा गावी, चिपळूणजवळ. पौड, मुळशी, ताम्हिणी करत माणगावला उतरायचं आणि पुढे मुंबई-गोवा हायवे. लग्नाआधी एकटा जायचो तेव्हा काही जाणवलं नाही, आता बायको मागे असते आणि परतीला आई दोन्ही बॅगांत नारळ, तांदूळ, कोकमं असं काय काय ठासून भरते, नको म्हणायची सोय नाही. मग निजामपूर, विळे सोडून घाट लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येते ती वर पोचेपर्यंत दुसऱ्यावरच.

मागच्या महिन्यात घाटात एका ट्रकला ओव्हरटेक मारायला काढली आणि ट्रकच्या अर्ध्यात गेल्यावर पिकअपच संपला, समोरनं एसटी. ट्रकवाल्याने ब्रेक मारून आत घेतलं म्हणून आज हे टाइप करतोय. बायको त्यानंतर पौड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तर आता डोक्यात ट्रायम्फ स्पीड ४०० आहे. मित्र म्हणतो रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घे, फॅमिली माणूस झालास. शोरूमवाला एक्सचेंजमध्ये युनिकॉर्नचे २२ हजार देतोय, बाहेर ३० ते ३५ येतील असं गॅरेजवाला म्हणतो. थोडं कर्ज काढावं लागेल, त्याचं एवढं काही नाही. पण खरंच एवढ्या ताकदीची गरज आहे का मला नुसतीच खाज आलीय हे कळत नाहीये. उंची ५ फूट ५ इंच, मोठी गाडी कधी चालवलेली नाही.

जुना_टायर

गाडी बदलायची ती बदला, पण आधी एक सांगा, क्लच प्लेट (इंजिनची ताकद चाकाकडे पोचवणाऱ्या) कधी बदलल्या होत्या? ७८ हजारात एकदाही नसतील बदलल्या तर तुम्हाला युनिकॉर्नची ताकद किती ते मुळात माहीतच नाही.

मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअर टाकून पन्नासला गाडी धरा आणि ॲक्सिलरेटरला एकदम पीळ द्या. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मात्र त्या मानाने पळाली नाही तर क्लच स्लिप होतोय. मग गाडी मेन स्टँडला लावून मागचं चाक हाताने फिरवा, ड्रम ब्रेक घासत असेल तर लगेच थांबतं. चेन सेट, एअर फिल्टर, टॅपेट, कार्ब्युरेटर साफ, हे सगळं केल्याशिवाय गाडीला मेली म्हणू नका. आमच्याकडे अर्धे लोक 'पिकअप नाही, विकायचीय' म्हणून येतात आणि तीन हजाराचं काम करून तीच गाडी घेऊन जातात.

आणि राग मानू नका, पण चढावर ओव्हरटेक काढायचा तर ट्रकच्या मागे असतानाच खालचा गिअर घ्यायचा, इंजिन गाऊ लागलं की मग बाहेर पडायचं. तिसऱ्यावर बाहेर पडून अर्ध्यात दुसरा टाकला की ५०० सीसीपण दगा देते.

अंबा_घाट_एक्सप्रेस

भावा घे. मी कोल्हापूरचा, २००९ ची पल्सर १५० दहा वर्षं चालवली आणि २०१९ ला डॉमिनार ४०० घेतली. लोकांना वाटतं मोठी गाडी म्हणजे शंभर-सव्वाशेनं पळायला, तसं काय नसतंय, चौपदरीवर टू व्हीलरला लिमिटच ८० चं आहे. फरक पडतो तो ओव्हरटेकला. पल्सरवर ट्रक काढायचा म्हणजे मी उलट्या लेनमध्ये आठ-दहा सेकंद असायचो, डॉमिनारवर तीन-चार. तेवढे सेकंद समोरच्या एसटीपासून वाचले असं समज. इंजिनची ताकद ४० पीएस असते ती ह्यासाठी.

पण आता दुसरी बाजू पण ऐक, नाहीतर उद्या माझ्या नावानं खडे फोडशील. पहिले सहा महिने मी अशा अशा ठिकाणी ओव्हरटेक काढले की पल्सरवर कधी स्वप्नात पण काढले नसते, का तर गाडी निघत्या. पल्सर मला 'जमणार नाही' म्हणून मागं ठेवायची, हिनं ते काम सोडून दिलं आणि मी काय ते लगेच अंगावर घेतलं नाही. श्रावणात साखरप्याकडनं वर येताना एका वळणावर लाल मातीचा चिखल आला होता रस्त्यावर, पल्सरच्या सवयीनं वळणातच पीळ दिला, मागचं चाक सुटलं. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये. वेगात पण नव्हतो, चाळीस असेल. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी सोय) ब्रेक सांभाळतं रे, थ्रॉटल सांभाळत नाही. तुझ्या ट्रायम्फला ट्रॅक्शन कंट्रोल (पीळ दिल्यावर मागचं चाक सुटू न देणारी सोय) आहे, माझ्या डॉमिनारला नाही, ती एक गोष्ट तिच्या बाजूनं धर.

वजनाचं पण बघ. १८५ किलोची गाडी पळताना हलकी लागते, बिल्डिंगच्या उतारावरच्या पार्किंगमधनं मागं ओढताना कळतं काय घेतलंय ते. पाच-पाचला जड जाईल, सवय होईल.

हिशोबी

वरच्यांनी भावना सांगितल्या, मी आकडे सांगतो.

तुमच्या युनिकॉर्नचं वजन १४६ किलो, ताकद साधारण १२.७ बीएचपी. तुम्ही दोघं आणि आईचे नारळ मिळून १५० किलो धरा, म्हणजे प्रत्येक बीएचपीला जवळजवळ २३ किलो ओढायचेत. क्लासिक ३५० ची ताकद २०.२ पण गाडीच १९५ किलोची, तिथे तो आकडा १७ येतो. स्पीड ४०० ला ३९.५ बीएचपी आणि वजन पावणेदोनशेच्या आसपास, तिथे ८. म्हणजे 'अजून थोडं ताकदवान' असं म्हणत तुम्ही ज्या दोन गाड्या निवडल्यात त्यात एक थोडी वरची आहे आणि दुसरी वेगळ्याच जातीची. मात्र घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर तीस-चाळीसनं जाताना टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ बघा, युनिकॉर्न १२.८ न्यूटन मीटर, क्लासिक २७ आणि तोही खालच्या आरपीएमला. ताम्हिणीच्या चढाला तेवढा पुरेसा होतो, ट्रकला झटकन काढायला कमी पडतो.

खर्चाचं म्हणाल तर ३५० सीसीची रेघ लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ३५० पर्यंत २८ चा १८ टक्के झाला आणि त्याच्या वर थेट ४०. थर्ड पार्टी इन्शुरन्सलाही तीच रेघ, १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ आणि वर २,८०४, आत्ता तुम्ही ७१४ भरत असाल. शिवाय नवीन गाडीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. जुन्या गाडीचा फुल इन्शुरन्स असेल आणि क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही, त्याचं पत्र मागून नवीन पॉलिसीला लावा, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत मिळतो. नुसता थर्ड पार्टी काढत असाल तर हे विसरा.

पेट्रोल १०४ रुपये आणि महिन्याला ११०० किमी धरले तर युनिकॉर्नला २,३०० च्या आसपास जातात, ३५० वाल्या गाडीला (३५ चं ॲव्हरेज धरून) ३,३००, ४०० ला (२८ धरून) ४,१००. टायरचं वेगळं, स्पीडचा मागचा १५०/६० रेडियल आहे, तो बदलायची वेळ आली की युनिकॉर्नचे दिवस आठवतील.

एक्सचेंजला २२ हजारात देऊ नका. बाहेर द्याल तर मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर नुसत्या सह्या करून मोकळं होऊ नका, आरसी दुसऱ्याच्या नावावर झालेली स्वतः बघा. आणि २०१४ ची गाडी म्हणजे एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबर प्लेट) लावलीये ना? २०२९ ला पंधरा वर्षं होतात, परत पासिंग, घेणारा ते धरूनच भाव पाडतो.

मागच्या_सीटवरून

सगळे चालवणारेच बोलतायत म्हणून लिहिते. मी गेली बारा वर्षं मागे बसतेय, तीन गाड्या झाल्या, त्यामुळे थोडा अधिकार आहे.

बायको पौडपर्यंत गप्प बसली ते काही बीएचपी कमी होते म्हणून नाही. मागे बसणाऱ्याला पुढचं निम्मं दिसत नाही, ब्रेक हातात नसतो, आणि तुम्ही ओव्हरटेकला का निघालात ते विचारायची वेळ निघून गेल्यावरच कळतं. आमच्याकडे दुसरी गाडी आली ती अशीच जोरवाली होती. हे खूश. मला मात्र फुटरेस्ट एवढे वर की गुडघे पोटात, सीट पुढे उतरती, प्रत्येक ब्रेकला मी ह्यांच्या पाठीवर. दापोलीला जाऊन आलो त्याच गाडीवर, परत मी येणार नाही म्हणून सांगितलं, दीड वर्षात विकली. पैसे गेले ते गेलेच.

शोरूममध्ये तिला घेऊन जा, आणि नुसतं बसवून 'बरी आहे ना' विचारू नका, बरी आहेच म्हणेल बिचारी. टेस्ट राइड दोघांनी घ्या, स्पीडब्रेकर आणि खड्डे असलेल्या रस्त्यावर, निदान अर्धा तास. धरायला दांडी आहे का, ब्रेक लागल्यावर ती पुढे सरकते का, आणि आईच्या बॅगा कुठे बसणार ते बघा. कित्येक गाड्यांना बॅग थेट सायलेन्सरवर टेकते, कोकमं घरी येईपर्यंत सार होऊन येतील.

बारक्या_६६

आधी मुंबई-गोवा हायवे पुरा होऊ दे रे, मग ताकदीचं बघू. सध्या सायकलवाला पण ओव्हरटेक करतो 😀

कोथरूडचा_कोकणी

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. हिशोबी, एचएसआरपी लावलीये आणि इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टीच आहे, म्हणजे बोनस गेला. जुना टायर, तुमची टेस्ट केली, आवाज चढला आणि गाडी तिथेच 🤦 उद्या गॅरेजला टाकतोय. मागच्या सीटवरून, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला, तिने तो मला परत मोठ्याने वाचून दाखवला.

कोथरूडचा_कोकणी

तीन आठवड्यांनी लिहितोय, मध्ये गावी जाऊन आलो.

क्लच प्लेट पार गेल्या होत्या, मागचा ब्रेक पण घासत होता. प्लेट, चेन सेट, फिल्टर, सगळं मिळून ३,४०० बिल झालं. परतीला तेवढंच सामान, उलट फणस जास्तीचा, आणि गाडी घाटात बऱ्याच ठिकाणी तिसऱ्यावर वर आली, फक्त मोठ्या वळणांना दुसरा लागला. म्हणजे मी वर्षभर तरी स्लिप होणाऱ्या क्लचवर बायकोला घेऊन फिरत होतो. ट्रक होतेच, मागेच राहिलो, वर आल्यावर मोकळं मिळालं तेव्हा काढले.

दोन टेस्ट राइड पण झाल्या. स्पीड ४०० बद्दल काय सांगू, हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो, दुसऱ्या गिअरला गाडी अशी निघते की हात सुटतील. दोघं बसून पण चक्कर मारली, उतरल्यावर बायको म्हणाली गाडी चांगलीय, पण तू हिच्यावर ऐकणार नाहीस. अंबा घाट एक्सप्रेस, तुमचं प्लास्टर आठवलं, गप्प बसलो. मग क्लासिकवर बसलो, सीट तिला पटली पण मला वजन झेपेना, शोरूमच्या उतारावर मागे घेताना त्यांच्या पोराला हात लावायला लागला. तिथून निघालो तर मग शेजारच्या होंडाच्या शोरूममध्ये हायनेस सीबी ३५० होती, १८१ किलो, टॉर्क ३०, दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस, जे माझ्या गाडीला कधीच नव्हतं, आणि मागे व्यवस्थित बसता येतं. ती बुक केली. चारशेची खाज गेलीय असं अजिबात नाही, ते वेगळं.

युनिकॉर्न एक्सचेंजला देत नाही. बाबांना फोनवर २२ हजार सांगितले तर म्हणाले एवढ्याला देतोस त्यापेक्षा इकडे आणून सोड, मला बाजारात जायला होईल. त्यांची स्कूटर आता उतारावर नीट थांबत नाही म्हणे, हे त्यांनी आत्ता सांगितलं.

आता एकच, सीबी ३५० ला बॅगांसाठी सॅडल स्टे (बॅग आत टेकू न देणारी लोखंडी दांडी) कुणी लावलाय का? सायलेन्सरच्या बाजूला किती अंतर राहतं, फोटो असेल तर टाका प्लीज.