पोरांना कराटे-ज्युदो लावताना बेल्ट बघू नका, पडायला कोण शिकवतं ते बघा

औसा रोडवाला

मुलगी नऊची, मुलगा सहाचा. शेजारची सगळी लेकरं पांढरे ड्रेस घालून जायलेत म्हणून आमच्याही घरात धोशा सुरू झाला. गेल्या महिन्यात लातुरातले तीन क्लास हिंडून आलो. माझं मत आधीच सांगतो, मग खुशाल शिव्या घाला.

पहिल्या ठिकाणी गेटवरच फ्लेक्स: 'दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट'. शाळेचं पटांगण, साठेक पोरं, सर एकटे. सर 'इच, नी, सान' म्हणून जपानीत आकडे ओरडतात आणि साठ मुठी हवेत जातात. दिसायला झकास. तासभर बसलो, पण सरांनी एकाही पोराची मूठ हातात धरून सरळ केली नाही. महिना 600, ड्रेसचे 1,200 आणि दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिचे 1,000 वेगळे. घरी येऊन बायकोनं बेरीज केली, दोन वर्षांचे 23,600. एवढ्यात पोरगं काय शिकेल? हवेत मारायला.

दुसरा क्लास तायक्वांदोचा. उंच लाथा बघून मुलगा खुळावला. पण छातीचे गार्ड आणि हेडगिअर चार जोड आणि पोरं वीस. ज्यांना मिळालं ते घालून लढत होते, बाकीचे तसेच.

तिसरा ज्युदोचा. पत्र्याचं शेड, जुन्या मॅट, पोरं जेमतेम चौदा. गेलो तेव्हा नवीन पोरांना नुसतं पाडत होते. मागं पडा, बाजूला पडा, हनुवटी छातीला लावा, पडता पडता हातानं मॅटवर चापट मारा, म्हणजे धक्का हातात जातो, डोकं वाचतं. सर म्हणाले, पहिला महिना हेच. गळा आवळायचे आणि हात अडकवायचे डाव लहानांना शिकवायचे नाहीत, हे त्यांनी न विचारता सांगितलं. जिगोरो कानोनं 1882 मध्ये जपानात ज्युदो सुरू केला तेव्हापासून पडायचं शास्त्र हाच त्याचा पाया आहे.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या लेकराला आयुष्यात गुंड किती वेळा भेटणार? पण सायकलवरून, ओट्यावरून, मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून ते पडणार, ते नक्की. जो क्लास आधी पडायला शिकवतो तोच खरा. दोघांनाही तिथंच घातलं.

कानमोडका

वा! पत्र्याच्या शेडात पडायला शिकवलं म्हणून एवढं कौतुक? आमच्या तालमीत हेच चाललंय, तेही फुकट. लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू. पोरगं पडलं तरी माती झेलते. तुमच्या मॅटला घामाचा वास येतो, मातीला कापराचा.

मराठवाड्यात राहून पोरांना 'इच, नी, सान' शिकवायलात? लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1977 मध्ये बेळगावात दिल्लीच्या सतपाल पैलवानाला हरवलं, त्यांना कुणी पिवळा बेल्ट दिला होता का? पाटोद्याचा राहुल आवारे 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं घेऊन आला, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. पैलवानाला पट्टा लागत नाही ओ, कुस्तीत मोडलेले कान बघितले की कळतं.

आणि जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्या लागतात ना, सहा-सात वर्षांची पोरं, बक्षीस म्हणजे मूठभर रेवड्या नाहीतर नारळ. हजार माणसं बघतात. हरलं तरी वस्ताद पाठीवर थाप देतो. त्या थापेला फी नाही.

परभणीची ताई

काका, तुमच्या तालमीत माझ्या लेकीला घेता का? आधी एवढंच सांगा.

मी विचारून आलेय. आमच्या भागातल्या वस्तादांनी हात जोडून सांगितलं, 'ताई, पोरीचं जमत नाही इथं.' कपडे बदलायला आडोसा नाही, संडास नाही, सगळे लंगोटावर. ऑलिम्पिकमध्ये बायकांची कुस्ती 2004 पासून आहे आणि आपल्याकडं 'पोरीचं जमत नाही'. फुकट असेल, पण अर्ध्या लेकरांना दारच बंद आहे.

आणि औसा रोडवाले दादा, तुमचंही पटलं नाही. पडायला शिकवतात हे चांगलंच, पण ते दुसऱ्या नंबरला. पहिला प्रश्न: आईबापाला तास चालू असताना बसू देतात का? मी आधी जिथं लेकीला घातलं होतं तिथं पाटी होती, 'पालकांना आत प्रवेश नाही, मुलांचं लक्ष विचलित होतं'. मी गप्प बसले. दोन महिन्यांनी सरांनी 'स्पर्धेची खास तयारी' म्हणून तिला एकटीला सकाळी साडेपाचला बोलवायला सुरुवात केली. काही घडलं नाही. पण ती जायला रडायला लागली आणि कारण सांगेना. मी दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतलं. घरचे म्हणाले, फी बुडाली. बुडू दे.

लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध 2012 चा पॉक्सो कायदा आहे, अठराच्या आतल्या लेकराबाबत काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे क्लासवाल्यांना माहीत तरी असतं का? मी आता नव्या ठिकाणी तोंडावर विचारते. सर चिडले की मी चप्पल घालते.

सध्या ती तायक्वांदोला आहे. तिथं एक बारावीची मुलगी सरांना मदत करते, लहान पोरींचे पाय-कंबर तीच धरून दाखवते. कडेला बाकडं आहे. तीन महिने त्या बाकड्यावर बसून कंटाळले आणि अडतिसाव्या वर्षी स्वतःच पांढरा पट्टा बांधला. लेक पिवळ्यावर, मी पांढऱ्यावर. घरी तीच मला ओरडते.

पांढरा ड्रेसवाला

मी स्वतः शिकवतो, संभाजीनगरात, कराटे. त्यामुळं पक्षपाती समजा.

बाकड्याबद्दल ताईंशी सहमत, पण पूर्ण नाही. माझ्या हॉलची एक बाजू जाळीची आहे, रस्त्यावरूनही दिसतं. पण आत बसलेल्या पालकांनी माझे तास नासवलेत. 'मार रे, मार त्याला' म्हणून बाप ओरडतो आणि सात वर्षांचं पोरगं माझ्याकडं न बघता बापाकडं बघतं. दिसलं पाहिजे, ओरडलं नाही पाहिजे, एवढाच माझा नियम.

आता बेल्ट. कानोच्या काळी पांढरा आणि काळा होता, ही मधली रंगपंचमी पुढं युरोपात पसरली. म्हणजे परंपरा वगैरे काही नाही, कबूल. पण आठ वर्षांच्या पोराला 'दहा वर्षं मेहनत कर, मग बघू' सांगून टिकवून दाखवा. मी वर्षातून दोनच परीक्षा घेतो आणि नापासही करतो. नापास झालेल्याचे पालक भांडायला येतात, पोरगं येत नाही.

आणि फुकटचं कौतुक मला सांगू नका. हॉलचं भाडं आहे, उन्हाळ्यात बेचाळीसच्या वर पारा गेला की कूलर लावावा लागतो. तालमीत गाव वर्गणी काढतं, शहरात कोण काढतो?

कानमोडका

कूलर? पैलवानाला कूलर?

नांदेडचे मामा

सगळे भावनेवर बोलायलेत. मी ऑफिसात आयुष्य घालवलं, कागदाचं बोलतो.

पोरगं पुढं खेळात राहिलं तर प्रमाणपत्राला किंमत येते. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण हॉल भाड्यानं घेऊन भरवलेल्या 'ओपन नॅशनल'ची मेडलं तिथं चालत नाहीत. त्या स्पर्धांत एंट्री फी भरली की घरी काही ना काही घेऊनच येतं लेकरू. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा वर जातात, 14, 17 आणि 19 वर्षांखाली. तुमचा क्लास ज्या संघटनेचं नाव लावतो ती त्यात बसते का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. चहाएवढाही खर्च नाही.

कराटेवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण टोकियोत एकदाच कराटे ऑलिम्पिकला होतं, 2024 ला पॅरिसमध्ये नव्हतं आणि 2028 ला लॉस एंजेलिसमध्येही नाही. ज्युदो 1964 पासून, तायक्वांदो 2000 पासून पदकाचा खेळ आहे.

आणि 'आठ वर्षांचा ब्लॅक बेल्ट' म्हणून पेपरात फोटो येतात ना? कुक्किवॉन म्हणजे तायक्वांदोचं कोरियातलं मुख्य केंद्र, त्याच्या नियमानं पंधराच्या आतल्या पोराला डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची पायरी, देतच नाहीत, 'पूम' देतात, त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. पुढच्या वेळी फोटो नीट बघा.

आमच्या नांदेडात हुजूर साहिबला गतका, म्हणजे शिखांचा लाठीचा युद्धखेळ, खेळतात, होला मोहल्ल्याला बघायला या. खेलो इंडियात गतका आला तेव्हा आमच्या गल्लीतल्यांना कळलं की हा खेळ आहे, नुसती मिरवणूक नाही.

परभणीची ताई

मामा, पोरगी दुसरीत आहे. तिच्या नोकरीचा कागद आत्तापासून?

नांदेडचे मामा

आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगतो.

अंबाजोगाईची सिस्टर

फक्त एक गोष्ट. गॅदरिंगला पोरांच्या हातानं कौलं फोडायचा कार्यक्रम ठेवतात आणि पालक टाळ्या वाजवतात. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग असतो, तो कच्चा असतो. तिथं मार बसला तर हाड वाकडं वाढू शकतं. मुठींवर जोर काढायला लावतात तेही तसंच. आणि काका, तालमीला सूट नाही: कुस्तीच्या आधी वजन तोडायला पोराला पाणी बंद करतात, गजकर्ण झालं तरी माती सुटत नाही. दोन्हीकडचे माझ्यापुढं येऊन बसलेत.

जालन्याचा नास्तिक

एवढी चर्चा करून एकानंही विचारलं नाही, लावायचंच कशाला? खो-खो खेळू द्या. पोरगी जोरात पळाली तर कुठल्याही डावापेक्षा लवकर वाचते. तीन महिन्यांत लाथ मारायला शिकलेली पोरगी 'मला येतंय' म्हणून थांबली तर जास्त धोका.

औसा रोडवाला

नास्तिकराव, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही. आमचे सर मात्र पोरांना सांगतात, पहिला डाव पळणं, दुसरा डाव ओरडणं.

ताई, तुमचं वाचून काल मुद्दाम तास सुरू असताना न सांगता गेलो. दार उघडं होतं, सर मला बघून थांबले नाहीत, पोरगी मात्र थांबली आणि तोल जाऊन पडली. हनुवटी छातीला लावून पडली. पण खरं सांगतो, मी तिघांकडं गेलो तेव्हा बसू देता का हे एकालाही विचारलं नव्हतं. मॅट मोजल्या, गार्ड मोजले. मुलगी माझी असून हा प्रश्न मला सुचला नाही.

कौलांचं मात्र लिहून ठेवलं. शाळेत सांगतो.

कानमोडका

सिस्टर, पाणी बंद करणारे वस्ताद असतात, नाही म्हणत नाही. मीही तोडलंय वजन, तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं.

ताई, काल तुमचं वाचलं तेव्हा राग आला. रात्री नात म्हणाली, आजोबा, मला धोबीपछाड दाखवा. पलंगावर गादी टाकून दाखवला. आठ वर्षांची आहे, परभणीतच असते, सुट्टीला आलीय. तालमीत नेली असती तर वस्तादानं मलाच नको म्हटलं असतं, हे खरं आहे.

तुमच्या त्या बारावीच्या पोरीचा क्लास किती वाजता असतो? बेल्टचे पैसे मी देणार नाही, हे आधीच सांगतो.

परभणीची ताई

साडेपाच ते साडेसहा, संध्याकाळी. बाकड्यावर जागा आहे, फक्त तिथून 'ढाक मार, ढाक' म्हणून ओरडायचं नाही. परीक्षा सहा महिन्यांनी आहे. पैशाचं तेव्हा भांडू.