मदत हवी आहे: महाराष्ट्राचे राज्यपाल नक्की किती झाले? माझा तक्ता काही केल्या जुळत नाहीये

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात 1 मे ला छोटंसं प्रदर्शन असतं. यावेळच्या मीटिंगमध्ये मी उगाच तोंड उघडलं, म्हटलं मुख्यमंत्र्यांचा तक्ता आपण दरवर्षी लावतो, राज्यपालांचा कधीच नाही. झालं, "वा, छान कल्पना, करा तुम्हीच" असं म्हणून सगळे चहा प्यायला उठले. मला वाटलं काय त्यात, नाव, कधीपासून, कधीपर्यंत, तीन रकाने, एका रविवारचं काम. आज तिसरा रविवार आहे.

तर गोंधळ असा की माझ्या एक्सेलमध्ये सी. पी. राधाकृष्णन 23 व्या नंबरवर येतायत (तक्ता त्यांच्यापर्यंतच ठेवायचा ठरलंय, बोर्डावर पुढे जागाच नाही) आणि बाकी सगळीकडे ते 21 वे असं वाचायला मिळतंय. दोन राज्यपाल मी कुठून जास्त आणले तेच कळत नाहीये, नावं तर सगळी खरी आहेत!

दुसरं म्हणजे मधल्या फटी. सुब्बरायन 6 ऑक्टोबर 1962 पर्यंत आणि विजयालक्ष्मी पंडित 28 नोव्हेंबर 1962 पासून, मग मधले पावणेदोन महिने राज्य कोणी चालवलं? नोव्हेंबर 1969 ते फेब्रुवारी 1970, तसंच. डिसेंबर 1976 ते एप्रिल 1977, परत तसंच. 2002 मध्ये जुलै ते ऑक्टोबर. आधी वाटलं माझीच कॉपी पेस्ट चुकली, पण चार वेळा तपासून झालंय. उपराष्ट्रपती असतो तसा उपराज्यपाल असतो ना, मग त्याचं नाव का देत नाहीत कुठे?

तिसरं, तारखा. रमेश बैस एका ठिकाणी 12 फेब्रुवारी 2023, दुसऱ्या ठिकाणी 18 फेब्रुवारी 2023. कोश्यारी एकीकडे 1 सप्टेंबर 2019, एकीकडे 5 सप्टेंबर. कुठली धरायची?

आणि पहिलाच राज्यपाल घोळात आहे. श्री. प्रकाश हे 1956 पासून लिहायचे की 1960 पासून?

जाणकारांनी प्लीज मदत करा, फ्लेक्सवाला रोज फोन करतोय.

---

सातबारा:

तारखांचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. राष्ट्रपती नेमणूक करतात तो दिवस वेगळा आणि माणूस शपथ घेऊन खुर्चीत बसतो तो दिवस वेगळा. 12 फेब्रुवारी 2023 ला राष्ट्रपती भवनाने कोश्यारींचा राजीनामा मंजूर झाल्याचं आणि बैस यांच्या नेमणुकीचं जाहीर केलं, पण बैस यांनी शपथ घेतली 18 ला, आणि तोपर्यंत कोश्यारीच राज्यपाल होते. घटनेच्या कलम 156 मध्ये स्पष्ट आहे की पाच वर्षं मोजायची ती पदभार घेतल्या दिवसापासून, आणि नवा माणूस येईपर्यंत जुन्याने चालू ठेवायचं. त्यामुळे डोळे झाकून शपथेची तारीख घ्या. विद्यासागर राव यांचंही तसंच, नेमणूक 26 ऑगस्ट 2014 आणि शपथ 30 ला.

बाकी त्या पाच वर्षांना फार अर्थ नाही हे लक्षात असू द्या. त्याच कलमात आधी लिहिलंय की राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. म्हणजे केंद्राची. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने सिंघल खटल्यात सांगितलं की मर्जी म्हणजे मनमानी नव्हे, सरकार बदललं एवढ्यावरून राज्यपाल काढता येणार नाही, तरी बदल्या होतातच. तुमच्याच यादीत बघा ना, 2014 मध्ये शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली केली आणि ते तिकडे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले.

---

कोरा कागद:

उपराज्यपाल राज्यांना नसतात हो! ते केंद्रशासित प्रदेशांना, दिल्ली, जम्मू काश्मीर वगैरे, आपण नायब राज्यपाल म्हणतो ते. राज्यात राज्यपालाच्या खाली कोणी नंबर दोन घटनेने ठेवलेलाच नाही.

वर सातबारा म्हणतायत की जुना माणूस नवा येईपर्यंत थांबतो, ते बरोबर, पण जुना माणूस वारला तर काय? तुमच्या पहिल्या तीन फटी बघा, तिन्ही मृत्यूच्या आहेत. सुब्बरायन पदावर असतानाच गेले, पुरते सहा महिनेही झाले नव्हते. चेरियन नोव्हेंबर 1969 मध्ये गेले, पाच वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम आठवडा राहिला होता. अली यावर जंग डिसेंबर 1976 मध्ये गेले. अशा वेळेसाठी कलम 160 आहे, राष्ट्रपती तात्पुरती व्यवस्था करतात, आणि आपल्याकडे जुनी पद्धत अशी की हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे हंगामी कार्यभार द्यायचा. हे लोक बहुतेक याद्यांमध्ये येत नाहीत, आले तर बारीक अक्षरात, म्हणून तुम्हाला फट दिसते. राज्य काही बेवारस नव्हतं.

हंगामी लोकांना कमी समजू नका मात्र. 1956 चं उदाहरण घ्या. हरेकृष्ण महताब मुंबईचे राज्यपाल होते, ते ऑक्टोबरमध्ये ओरिसाचे मुख्यमंत्री व्हायला निघून गेले. 14 ऑक्टोबर ते 10 डिसेंबर 1956 मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हंगामी राज्यपाल होते. आणि त्याच दोन महिन्यांत 1 नोव्हेंबर आला! द्वैभाषिक मुंबई राज्य जन्माला आलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, आणि राज्यपालाच्या खुर्चीत कोण तर ज्याला नंबरसुद्धा मिळत नाही तो माणूस.

---

वऱ्हाडी ठेचा:

अन् एक चूक मीबी सांगतो, हसू नका. "श्री. प्रकाश" नाही भाऊ, त्यांचं नावच श्रीप्रकाश होतं, जोडून. पाकिस्तानात भारताचे पहिले हायकमिश्नर तेच, मग आसाम, मद्रास करत करत मुंबईत आले. तुमच्या तक्त्याच्या हिशोबानं ते श्री. श्रीप्रकाश होतील.

1956 की 1960, तर दोन्ही खरं. ते 10 डिसेंबर 1956 पासून मुंबई राज्याचे राज्यपाल, अन् 1 मे 1960 ला राज्य दोन झाले तेव्हा ते महाराष्ट्राचे म्हणून पुढे चालू राहिले, एप्रिल 1962 पर्यंत. गुजरातला नवीन राज्यपाल दिले, मेहदी नवाझ जंग. तक्ता महाराष्ट्राचा असंल तर 1 मे 1960 लिहा अन् खाली टीप टाका.

पण माझं दुखणं येगळंच आहे. हे जे "महाराष्ट्राचे आधीचे राज्यपाल" म्हणून महाराजसिंग, बाजपेयी, महताब अशी यादी देतात ना, ती मुंबईची यादी आहे. आमच्या नागपूरला तेव्हा त्यांचा काय संबंध? 1956 च्या ऑक्टोबरपर्यंत नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होतं, तिथं मंगलदास पकवासा होते अन् 1952 पासून पट्टाभी सीतारामय्या. अन् मराठवाड्यात तर राज्यपालच नव्हता, हैदराबाद राज्याला राजप्रमुख होता, अन् तो कोण तर खुद्द निजाम! ज्याच्याविरुद्ध लोक लढले तोच 1950 ते 1956 घटनेनुसार राज्याचा प्रमुख. म्हणजे लातूरच्या माणसाले, अकोल्याच्या माणसाले अन् पुण्याच्या माणसाले इचारलं की 1953 मध्ये तुमचा राज्यपाल कोण, तर तीन उत्तरं येतील. प्रदर्शन महाराष्ट्र दिनाचं आहे तर हे लावा ना.

---

धागाकर्ता:

अरे बापरे, निजाम राजप्रमुख हे मला माहीतच नव्हतं, आणि श्रीप्रकाशांबद्दल जाहीर माफी. मी खरंच त्यांचं आडनाव शोधत बसलो होतो दोन दिवस.

पण 23 चं कोडं अजून तसंच आहे. हंगामी न्यायमूर्ती मी एकही धरलेला नाही, तरी दोन जास्त येतायत.

---

कोरा कागद:

तुमच्या यादीत ओमप्रकाश कोहली आहेत का? आणि पी. सी. अलेक्झांडर किती वेळा आहेत?

---

धागाकर्ता:

कोहली आहेत, ऑगस्ट 2014. अलेक्झांडर दोनदा आहेत, 1993 ची एक ओळ आणि दुसऱ्या टर्मची एक ओळ, मुख्यमंत्र्यांच्या तक्त्यात शरद पवार वेगवेगळ्या ओळींत येतात तसंच केलं मी.

---

कोरा कागद:

सापडले तुमचे दोन राज्यपाल :)

कोहली गुजरातचे राज्यपाल होते, शंकरनारायणन गेल्यावर विद्यासागर राव येईपर्यंत मोजके दिवस महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीपासून एकच माणूस दोन राज्यांचा राज्यपाल असू शकतो, त्यामुळे हल्ली न्यायमूर्तींऐवजी शेजारच्या राज्यपालाला चार्ज देणं जास्त दिसतं. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले तेव्हा सप्टेंबर 2025 मध्ये परत गुजरातच्याच राज्यपालांकडे, आचार्य देवव्रत यांच्याकडे, दिला. उलटही होतं, कोश्यारींकडे 2020-21 मध्ये गोव्याचा होता. अशा अतिरिक्तवाल्यांना साधारणपणे क्रमांक देत नाहीत.

आणि अलेक्झांडर एकच. शरद पवारांच्या मधे दुसरे मुख्यमंत्री होऊन गेले म्हणून वेगळ्या ओळी, अलेक्झांडर तर उठलेच नाहीत. 12 जानेवारी 1993 ते जुलै 2002, साडेनऊ वर्षं, आजवर सगळ्यात जास्त. आले तेव्हा मुंबईत दंगल पेटलेली होती, आणि जाईपर्यंत पवार, मनोहर जोशी, राणे, विलासराव अशा चौघांना त्यांनी मुख्यमंत्रीपदाची शपथ दिली. ते राजीनामा देऊन गेले आणि ऑक्टोबरमध्ये मोहम्मद फजल आले, ती तुमची 2002 ची फट.

23 वजा 2, राधाकृष्णन एकविसावे. अर्थात हा क्रमांक घटनेत कुठेच नाही, मोजणाऱ्याने ठरवायचा, फक्त नियम एकच ठेवा.

---

सातबारा:

तक्त्यात नुसत्या तारखा कोणी वाचणार नाही, अनुभवाने सांगतो, चौथा रकाना "विशेष" म्हणून टाका. 21 मध्ये बाई एकच, विजयालक्ष्मी पंडित. त्या 1964 मध्ये राजीनामा देऊन नेहरूंच्या फुलपूर मतदारसंघातून लोकसभेला उभ्या राहिल्या. ओ. पी. मेहरा आणि इद्रिस लतीफ हे दोघं लागोपाठ, आणि दोघंही माजी हवाईदल प्रमुख. शंकर दयाळ शर्मा 1987 मध्ये इथूनच थेट उपराष्ट्रपती झाले, नंतर राष्ट्रपती. म्हणजे राधाकृष्णन हा राजभवन ते उपराष्ट्रपती रस्ता पकडणारे दुसरे.

राष्ट्रपती राजवटीच्या तीन वेळाही द्या, राज्यपालाचं खरं वजन तेव्हाच दिसतं. 1980 ची फेब्रुवारी ते जून, तेव्हा सादिक अली. 2014 ला महिनाभर, विद्यासागर राव. 2019 ला 12 ते 23 नोव्हेंबर, कोश्यारी, आणि ती उठली कशी ते सगळ्यांना पाठ आहे, लोक झोपेतून उठायच्या आत राजवट मागे आणि शपथविधीही उरकलेला.

---

वऱ्हाडी ठेचा:

2019 वर इथं वाद सुरू करू नका रे, धागा बंद करतील. तक्त्यात फक्त तारखा टाका अन् पुढे चला.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. आता असं केलंय की शपथेच्या तारखा, 21 नंबर, हंगामी आणि अतिरिक्तवाले मधे मधे तिरक्या अक्षरात बिननंबरी, श्रीप्रकाश 1 मे 1960 पासून आणि खाली टीप. वर एक आडवी पट्टी काढून तिचे तीन भाग केलेत, मुंबई, नागपूर, हैदराबाद, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला तिन्ही एकत्र येतात तिथे छागलांचं नाव मोठ्या अक्षरात. कमिटीतल्या एका काकांनी निजामाचं नाव बघून भुवया उंचावल्या, पण मराठवाड्यातल्या मेंबरनेच "राहू द्या, खरं आहे ते" म्हणून विषय संपवला.

फ्लेक्सवाल्याला तीनदा बजावलं होतं की श्रीप्रकाश हे नाव आहे, "श्री." नाही. आत्ता त्याने प्रूफ पाठवलंय. श्रीप्रकाश बरोबर लिहिलेत, पण आता बाकी वीसच्या वीस नावांपुढे "श्री." लावलंय, विजयालक्ष्मी पंडित धरून.