‘सावयव’ लिहिलेल्या उटण्यानं तोंड भाजलं, आता नेमकं काय वापरू?

टिळकवाडीची_सून

नमस्कार सगळ्यांना. पोस्ट जरा लांब होणार आहे, आधीच सांगते. मागच्या दिवाळीपासून ठरवलं होतं की घरातलं केमिकल बंद म्हणजे बंद. शांपू बंद, फेसवॉश बंद, पोराचा साबणपण बदलला. एका प्रदर्शनात स्टॉल होता, तिथनं उटणं घेतलं, खाकी कागदाची पिशवी, वर हिरवं पान काढलेलं, कन्नडमध्ये ‘सावयव’ (म्हणजे ऑरगॅनिक) आणि खाली ‘शंभर टक्के नॅचरल’. 200 ग्रॅमला 340 रुपये. पिशवी इतकी गोड दिसत होती की आत काय आहे विचारायचं सुचलंच नाही. ते मी रोज लावायची, त्यात व्हिडिओ बघून लिंबू पिळायची, आणि तोंड धुतलं की तशीच स्कूटीवरनं पोराला शाळेत सोडायला. पंधरा दिवसांत गालावर आणि कपाळाच्या कडेला तपकिरी डाग आले, हात लावला तरी चुरचुरतंय. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलंय, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दिलंय, डाग जायला महिने लागतील म्हणाले.

सासूबाईंचं एकच, आम्ही जन्मभर डाळीचं पीठ आणि साय लावली, आम्हाला काय झालं नाही, तुमचीच कातडी नाजूक.

मला परत बाटल्यांकडे जायचं नाहीय. पण हे नॅचरल ओळखायचं कसं? आणि केसांना खरी शिकेकाई बेळगावात कुठं मिळते? गणपत गल्लीत विचारली तर सगळीकडं पुडीतली पावडरच पुढं करतात.

गोळ्या_औषधं_शहापूर

ताई, माझं औषधाचं दुकान आहे, असले चेहरे महिन्याला दोनतीन तरी काउंटरवर येतात. उटण्याचा दोष असेल नसेल, पण मला पहिला संशय लिंबावर. लिंबाचा रस म्हणजे चांगलाच ॲसिड, पीएच (जितका कमी तितकं ॲसिड जास्त) 2 च्या आसपास, आणि आपल्या कातडीचा साधारण 5. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांत, सालीत जास्तच, अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर राहून ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागं काळा डाग सोडते. तोंड धुतलं म्हणून सगळं निघून जात नाही. तुम्ही लिंबू लावून सकाळच्या उन्हात स्कूटीवर, म्हणजे सगळं जुळूनच आलं की. खायचा सोडा लावणाऱ्यांचं उलटं, तो अल्कलीकडचा, कातडीचं तेल आणि वरचा थर ओरबाडून काढतो. दोन्ही स्वयंपाकघरातलेच, दोन्ही नॅचरलच.

आता त्या पिशवीबद्दल. भाजी-धान्यावर ऑरगॅनिक लिहायचं असेल तर त्याला कायदा आहे, 2017 पासून फूड सेफ्टीवाल्यांचे नियम आहेत आणि ‘जैविक भारत’ हा शिक्का तेव्हाच आला. उटण्याला, साबणाला, क्रीमला ते नियम लागू नाहीत, तिथं ‘नॅचरल’ हा शब्द कुणीही छापतंय. म्हणून पुढची बाजू बघूच नका, पिशवी उलटी करा. कॉस्मेटिकवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि आत काय काय आहे त्याची यादी असायलाच पाहिजे. यादीत जे जास्त ते आधी लिहितात. कोरफडीचं चित्र अख्ख्या डबीवर आणि यादीत कोरफड सगळ्यात शेवटी, सुगंधाच्याही नंतर, असं असलं की काय ते समजून घ्यायचं. तुमच्या पिशवीच्या मागं काय लिहिलंय?

आणि एक, हे सगळ्यांसाठीच लिहितोय. बिनलेबलची ‘हर्बल’ गोरं करायची क्रीम डबीतनं मिळते ना, तिच्या वाटेला जाऊ नका. असल्या क्रीममध्ये पारा सापडलाय, स्टेरॉइड सापडलंय. आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणून बायका खूश असतात आणि पारा किडनीत जाऊन बसतो. झाडपाल्यानं आठ दिवसांत कुणी गोरं होत नसतंय.

टिळकवाडीची_सून

आत्ताच बघितलं. मागं एक मोबाइल नंबर आणि ‘प्रेमाने बनवलेले’. बाकी काहीच नाही 😑

रामदेव_गल्ली_बॉय

सगळं वाचूलालो आणि लेबलवर येऊन अडकलो. यादीत पहिला पदार्थ प्रेम.

खानापूरची_लेक

शिकेकाईचं मी सांगते, माझं माहेर जांबोटीच्या पलीकडं, कणकुंबीच्या वाटेवर. आमच्याकडं शिकेकाईची लागवड कुणी करत नाही, ती रानात असते, झाडावर चढणारी काटेरी वेल. काटे असे उलटे वळलेले की बाही अडकली तर पुढं ओढायची नाही, मागं घेऊन सोडवायची, नाहीतर बाही गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला शेंगा पिकून तपकिरी होतात, मग आजी त्या अंगणात गोणपाटावर वाळवायची. वाळली की शेंग सुरकुतते आणि हलवली की आतलं बी खुळखुळ वाजतं. ते बी वाजलं पाहिजे, नाही वाजलं तर अजून ओल आहे, डब्यात भरलं की बुरशी येणार.

म्हणून ताई पुडी घेऊच नका, अख्खी शेंग घ्या. पावडरीत काय दळलंय ते देवाला ठाऊक, शेंगेत भेसळ करायला जागाच नाही. खानापूरच्या रविवारच्या बाजारात सीझनला बायका पाटीत घेऊन बसतात, मी तिथनंच आणते. बेळगावात मागायची तर जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात मागा, किराणा दुकानात नको. कन्नड दुकानदार असेल तर ‘सीगेकाई’ म्हणा, रिठ्याला ‘अंटवाळ’, लगेच समजतंय. शिकेकाई म्हटलं की साबणाची वडी पुढं करतात, हा माझा अनुभव.

आता कशी करायची. सातआठ शेंगा, बिया काढून टाकायच्या, दोनतीन रिठे फोडून त्यातल्या बियापण काढायच्या, मूठभर जास्वंदीची पानं. शेंगा-रिठे रात्री लोखंडी कढईत भिजत घालायचे, सकाळी मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, गार झालं की त्यात पानं कुस्करून फडक्यातनं गाळायचं. गाळायचं म्हणजे गाळायचंच, नाहीतर दोन दिवस केसांतनं कोंड्यासारखे तुकडे पडत राहतात आणि ऑफिसमध्ये लोक लांब बसतात. पाणी काळपट दिसतं आणि फेस शांपूसारखा येत नाही, तिथंच निम्म्या बायका सोडून देतात. फेस कमी म्हणजे मळ निघत नाही असं काही नसतंय. पण डोक्याला वाटीभर तेल थापून शिकेकाईनं एका धुण्यात निघेल अशी अपेक्षा ठेवू नका, तेल बोटभरच लावा. आणि डोळे मिटा, रिठा डोळ्यात गेला की साबणापेक्षा जास्त झोंबतो, माझी मुलगी एकदा अशी ओरडली की शेजारची काकी धावत आली.

उकळलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं. फ्रिजमध्ये फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी वास बदलतोच.

गोळ्या_औषधं_शहापूर

वरचं शेवटचं वाक्य परत वाचा सगळ्यांनी. लोकांना प्रिझर्व्हेटिव्ह म्हटलं की विष वाटतं, पण पाणी जिथं आहे तिथं जंतू वाढणारच, मग ते गुलाबपाणी असो की घरचा कोरफडीचा गर. घरी करायचं तर कोरडं ठेवा, पीठ, पावडर, किंवा नुसतं तेल, आणि भिजवायचं ते त्या दिवसापुरतंच. दुकानातलं पाण्याचं लोशन ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ म्हणत दोन वर्षांची तारीख देत असेल तर मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कोरफडीवरनं आठवलं. पान कापलं की लगेच चेहऱ्यावर घासू नका. सालीला लागून पिवळा कडू चीक असतो, तो कातडीला खाज आणतो. पान कापलेल्या बाजूनं खाली करून पेल्यात उभं ठेवा, तासभर तरी चीक गळू द्या, मग धुवून साल काढा आणि आतला पांढरा गरच घ्या.

निपाणी_शिवार

मी शेतकरी, ऊस आणि हळद. शेती निपाणीच्या बाजूला, तंबाखू सोडून आम्ही या पिकांकडं वळलो. ऑरगॅनिकच्या शिक्क्याबद्दल शेतकऱ्याच्या बाजूनं सांगतो. शेतकऱ्याला मिळणारा शिक्का दोन तऱ्हेचा. एक ‘इंडिया ऑरगॅनिक’, त्याचा कार्यक्रम 2001 पासून चाललाय, तिसरी संस्था येऊन तपासते आणि खर्च येतो. दुसरा ‘पीजीएस इंडिया’, त्यात आसपासच्या शेतकऱ्यांचा गट एकमेकांचं रान तपासतो, खर्च कमी. त्यात हिरवा म्हणजे अजून बदलाच्या काळातला, आणि ऑरगॅनिक म्हणजे पूर्ण झालेला. रासायनिक खत बंद केलं म्हणून दुसऱ्या दिवशी रान सेंद्रिय होत नसतंय. इंडिया ऑरगॅनिकच्या नियमानं हंगामी पिकाला 2 वर्षं थांबायला लागतंय, बागेला 3. त्या काळात उत्पन्न पडतं, भाव मात्र साधाच. आम्ही दुसऱ्या वर्षी जवळजवळ सोडलंच होतं, बायकोनं धरून ठेवलं.

म्हणून शिक्का नसलेला प्रत्येक जण चोर आणि असलेला साधू, असं नाही. लहान शेतकऱ्याकडं शिक्का नसतो. पण त्याला रान दाखव म्हटलं की तो दाखवतो. मोबाइल नंबरवाल्या पिशवीला फोन करून विचारा, हळद कुठल्या रानातली. गप्प बसला की कळलं.

गुळाचं पण सांगून टाकतो, कारण तब्येतीसाठी म्हणून साखर सोडून गूळ घेतात आणि नेमका पिवळाधमक उचलतात. गुऱ्हाळात रस कढईत उकळताना जुन्या रीतीनं भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. असा गूळ चॉकलेटी, कधी काळपट होतो, पावसाळ्यात मऊ पडतो. सोन्यासारखा पिवळा पाहिजे म्हणून त्यात हायड्रॉस टाकतात, म्हणजे रंग उडवायची पावडर. आम्ही न टाकता अडत्याकडं घेऊन गेलो तर ढेप बघूनच भाव पाडतो. मग सांगा दोष कुणाचा, गुऱ्हाळवाल्याचा की पिवळा मागणाऱ्याचा? माझ्या मते दोघांचा, पण मागणाऱ्याचा जरा जास्त. आणि काळा गूळसुद्धा गूळच, शुगरवाल्यांनी औषध समजून खाऊ नये.

हळदीला घरी बघायचं तर पेलाभर पाण्यावर अर्धा चमचा हळद सोडा, ढवळू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गर्द पिवळं झालं तर रंग आहे. मी तर सांगतो, हळकुंड घ्या आणि डोळ्यासमोर दळून घ्या.

अनगोळची_काकी

पोरी, माझं ऐक. मी पांढऱ्या केसांना दहा वर्षं मेंदी लावते, काही झालं नाही. मग मुलीच्या लग्नाच्या तोंडावर कुणीतरी ‘ब्लॅक मेंदी, हर्बल’ आणून दिली, अर्ध्या तासात काळेभोर. मी म्हटलं वा. दुसऱ्या दिवशी कानामागं खाज, तिसऱ्या दिवशी डोळे उघडेनात, लग्नाच्या अल्बममध्ये मी सगळीकडं गॉगल घालून आहे, मांडवातसुद्धा. लोक म्हणाले विहीणबाई मॉडर्न आहेत.

डॉक्टर म्हणाले मेंदीच्या पानाचा रंग तांबूस नारिंगीच, तो काळा होतच नाही आणि अर्ध्या तासात तर नाहीच. काळा येतो तो त्यात घातलेल्या पीपीडी नावाच्या रंगानं. आता मी आधी मेंदी, ती धुवून मग निळीच्या पानाची पावडर, असं दोनदा करते. अख्खा रविवार जातो पण डोळे उघडे राहतात. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आत जरासं लावून दोन दिवस बघते. तुझ्या सासूबाईंना सांग, त्यांनी साय लावली ते खरं, पण त्या लिंबू लावून स्कूटीवर गेल्या नव्हत्या.

टिळकवाडीची_सून

काकी, शेवटचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्या वेळेला स्कूटी कुठं होती. गॉगलवर तर त्या अजून हसतायत.

अपडेट: त्या नंबरवर फोन केला. बाई चांगलं बोलल्या, पण हळद कुठली विचारलं तर ‘होलसेलवाल्याकडनं’ आणि पुढं लाईन कट. पिशवी टाकून दिली. चेहऱ्याला डॉक्टरांनी दिलेलं तेवढंच, महिनाभर काही प्रयोग नाही. डाळीचं पीठ नंतर बघू. शिकेकाई मात्र रविवारी खानापूरला जाऊन पाव किलो आणली. पाटीवाल्या आजींना म्हटलं वाजवून बघते, तर म्हणाल्या, ‘हे कुणी शिकवलं ग तुला?’

एक शंका राहिली. लोखंडी कढई घरात एकच आहे, भज्यांची. तीच चालेल का?

खानापूरची_लेक

चालेल की. पण नंतर राखेनं दोनदा घास, नाहीतर पुढची भजी फेसाळ होतील.